हरणीच्या इंजिनावरचे बावीस दसरे

टेकवडीत गेनू खिलारे नावाचा एक भोळा माणूस राहायचा. वय चाळीस, मिशा झुपकेदार, अंगात बैलाची ताकद. डोकंपण होतं, टोपी ठेवायला. सांगितलेलं काम तो शब्दाला शब्द करायचा. एकदा कुणीतरी त्याला एसटी स्टँडवर 'जरा थांब' म्हणालं आणि विसरून गेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन आणावा लागला.

गेनूची चुलती हौसाकाकू. तिच्या दारात हरणी उभी असायची. हरणी म्हणजे ट्रक. लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा. असले ट्रक आता भंगारातसुद्धा मिळत नाहीत. काकूचे मालक दगडूअण्णा शेवटपर्यंत तोच चालवत होते. दर दसऱ्याला हरणीला अंघोळ, हार, नारळ, आणि बॉनेट उघडून आत चंदेरी स्प्रे. सणाला सगळी नवं नेसतात, मग हरणीनंच काय घोडं मारलंय, असं अण्णांचं म्हणणं. असे बावीस दसरे झाले. इंजिन चंदेरी, पाइप चंदेरी, वायरी चंदेरी. आत विसरलेला एक पाना चंदेरी. एक पालपण चंदेरी होती म्हणतात, पण ती मी बघितली नाही.

मग अण्णा गेले आणि सरकारी पत्र आलं. शुक्रवारी तालुक्याहून साहेब येणार. इंजिनावर कोरलेला नंबर जुन्या कागदाशी जुळला तर हरणी दारात राहणार. नाही जुळला तर भंगारात.

काकू म्हणाली, नंबर आहे की. होताच. पण बावीस दसऱ्यांच्या खाली.

हे काम खरं बाबालाल मिस्त्रीचं. पण जॅक घसरून मिस्त्रीचा पाय मोडलेला. तो गॅरेजपुढं बाजेवर पडून, पाय प्लास्टरात. तो म्हणाला, मी तोंडानं सांगतो, कुणीतरी हात चालवा. अख्ख्या टेकवडीत रिकामा हात एकच होता. तो पाठवला.

"नीट ऐक गेनू," मिस्त्री म्हणाला. "हे रंग काढायचं औषध. चंदेरी दिसलं की लावायचं. बुडबुडे येईपर्यंत थांबायचं. मग तारेच्या ब्रशनं घासायचं, खालचं लोखंड लागेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं मिस्त्री," म्हणाला गेनू आणि गेला.

बॉनेट उघडलं. सगळ्यात आधी दिसला पाण्याचा मोठा पाइप. चंदेरी होता. औषध लावलं, बुडबुडे आले, घासलं. लोखंड लागेना. अजून घासलं. दुपारपर्यंत घासलं. शेवटी आतून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या मिशीवर.

गेनू बाजेपाशी येऊन म्हणाला, "लोखंड लागलं नाही मिस्त्री. पाणी लागलं."

मिस्त्रीनं कपाळ धरलं. "अरे रबर आहे ते. मऊ वस्तू घासायची नसते. मऊ लागलं की साबणाच्या पाण्यानं भिजवायचं आणि फडक्यानं हळू पुसायचं."

"बरं मिस्त्री," म्हणाला गेनू आणि गेला.

मंगळवारी त्यानं एकेक वस्तू दाबून बघितली. वायरींचा जुडगा मऊ लागला. गेनूला आनंद झाला. साबणाच्या पाण्याची पाठोपाठ दोन घमेली ओतली.

हरणीचा हॉर्न वाजायला लागला. वाजला तो थांबेचना. शाळेत मास्तरांना वाटलं सुट्टी झाली, त्यांनी पोरं सोडली. आम्ही पोरं कशाला सांगतोय झाली नाही म्हणून. शेवटी काकूनं बॅटरीची वायर उपटली तेव्हा गावाला स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

मिस्त्रीला बाजेवर सगळं ऐकू गेलं होतंच. तो दमानं म्हणाला, "गेनू, माझ्या राजा, काही नवीन करायच्या आधी एखाद्या बिनकामाच्या कोपऱ्यावर थोडं करून बघावं. काय होतंय ते बघावं. मग पुढं जावं."

"बरं मिस्त्री," म्हणाला गेनू आणि गेला.

बुधवारी तो औषधाचा डबा घेऊन गावभर हिंडला. बिनकामाचं काही सापडेना. उकिरड्यावरसुद्धा कोंबड्यांचं काम चालू होतं. शेवटी तो पंचायतीपुढं आला. तिथं लोखंडी बाक होता, भर उन्हात, गटाराकडं तोंड करून. त्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं. पाठीवर सरपंच रंगराव ढोल्यांचं नाव, 'यांच्या प्रयत्नातून नवीन बाक'.

गेनूनं औषध लावलं. बुडबुडे आले. घासलं. ढोल्यांचं नाव गेलं आणि खालून मागच्या सरपंचाचं नाव निघालं, 'यांच्या प्रयत्नातून नवीन बाक'. गेनू घासतच राहिला. त्याच्याही खालून त्याच्या मागच्याचं निघालं. एकच बाक, तीनदा नवीन. तोवर शंभर माणूस गोळा झालं होतं. म्हातारी माणसं तर अजून घास म्हणून गेनूला पाणी पाजत होती. तेवढ्यात ढोले सरपंच आले आणि गर्दीकडं बघून तसेच उलटे गेले.

मिस्त्री इतका हसला की प्लास्टर हललं आणि मग तो कळवळला. "अरे येड्या, लोखंड असं उघडं टाकून यायचं नसतं, गंज चढतो. उघडं पडलं की लगेच वरून रंगाचा हात मारायचा. आता बाक सोड. उद्या फक्त इंजिन. डाव्या बाजूला, हाताएवढी चौकोनी जागा. लोखंडच आहे ते, खुशाल घास."

"बरं मिस्त्री," म्हणाला गेनू आणि गेला.

गुरुवारी त्यानं चौकोन घासला. एकेक दसरा निघत गेला. मधे मधे हळदीकुंकवाचे डाग निघाले, अण्णांच्या बोटांचे. काकू शेजारी बसून बघत होती. बाविसावा थर निघाला आणि आकडे वर आले. काकूनं कागद धरला, एकेक आकडा बोटानं जुळवला. सगळे जुळले. तिनं डोळ्याला पदर लावला, गेनूसाठी शिरा करायला आत गेली.

गेनू चौकोनाकडं बघत बसला. लोखंड उघडं पडलं होतं.

सीटखाली अण्णांचे स्प्रेचे तीन डबे शिल्लक होते. बावीस हात निघाले होते, म्हणून गेनूनं मोजून बावीस मारले.

शुक्रवारी साहेब आले. बारीक अंगाचे, न हसणारे. बॉनेट उघडलं, वाकले. "नंबर कुठं आहे?"

"काल होता साहेब," गेनू म्हणाला. "उघडा पडलेला. गंज चढू नये म्हणून झाकला."

साहेबांनी बोट लावलं, ते चंदेरी झालं. रंग अजून ओला होता. गेनूनं पण बोट लावलं. मऊ लागलं. तो साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन आला आणि हळू पुसलं. आठवड्यात पहिल्यांदा त्यानं आपणहून एक धडा बरोबर जागी लावला. आकडे लख्ख वर आले.

साहेबांनी नंबर ताडून बघितला आणि मोठ्या निळ्या अक्षरात दाखल्यावर लिहून वर शिक्का मारला. "जपा. याची नक्कल मिळत नाही," म्हणाले आणि जीपमधून गेले.

काकूनं दाखला पायरीवर बसलेल्या गेनूच्या मांडीवर ठेवला. देवापुढं साखर ठेवून येते, तोवर धर म्हणाली.

गेनूनं खाली बघितलं. नंबर उघडा पडला होता. तिसऱ्या डब्यात थोडा स्प्रे उरलेला होता.

काकू बाहेर आली तेव्हा दाखला चंदेरी झाला होता. ती काही बोलायच्या आत गेनूच म्हणाला, "घाबरू नको काकू. काढायचं औषध आहे."

शनिवारी तो लंगडत बाजेपाशी आला. मिस्त्रीनं विचारलं, जमलं का.

"सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं मिस्त्री. औषध लावलं, बुडबुडे आले, तारेच्या ब्रशनं घासलं."

"कशाला?"

"दाखल्याला. दाखला संपला, विजार संपली. आता मांडी लागलीय, लोखंड अजून लागलं नाही. घासत राहू का?"