राजाची नोट आणि वाळवी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली आहे. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण ते सोडा.

गोरा राजा गेला, त्याच्या नोटा बंद झाल्या आणि नेमिनाथशेठनी नोटांच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालणं सोडलं. लगेच वाळवी शंभराच्या नोटेपाशी पोचली.

"दूर हो! माझ्यावर राजाची छबी आहे," नोट गरजली.

"दिसतेय की. पण राजा कुठाय?"

"बोटीनं गेला."

"आणि तुम्हाला इथंच टाकून?"

"अगं, मी शंभर रुपये आहे!"

"म्हणजे किती घास, बाईसाहेब?" असं म्हणत वाळवीनं थेट मुकुटापासून सुरुवात केली.

यातलं वाळवीचं बोलणं मी रचलं. खाताना ती बोलत नाही. नोट मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत बोलत होती.