रोज चढण चढून येणारा तेली

फार जुन्या काळची गोष्ट. ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली, हेही आता कुणाला आठवत नाही.

एका गावात एक पैलवान राहत होता. टेकडीवरच्या त्याच्या घरात सदा माणसांचा राबता असे. तालमीतले गडी यायचे, गप्पा रंगायच्या, कुणी उपाशी परत जायचा नाही. त्या सगळ्यांत एका सोबत्यावर त्याचा फार जीव. दोघे एकाच आखाड्यात वाढले होते, एकाच ताटात जेवले होते.

एकदा जत्रेहून परतताना उतारावर त्यांची बैलगाडी उलटली आणि सोबती चाकाखाली सापडला. पैलवानाने मागचापुढचा विचार केला नाही. गाडीला खांदा लावून त्याने ती उचलून धरली. सोबती सुटला, पण पैलवानाच्या कमरेत काहीतरी मोडलं आणि त्याचे दोन्ही पाय लुळे पडले.

"तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही," सोबती रडत म्हणाला. "मी रोज येत जाईन."

चार दिवस तो आला. मग राजाने त्याला दरबारचा मल्ल म्हणून बोलावून घेतलं आणि तो राजधानीला निघून गेला. हळूहळू बाकीचेही पांगले.

येत राहिला तो एकटा गावचा तेली. तो काही पैलवानाचा मित्र नव्हता. तालमीत तेल पोचवणारा एक अबोल माणूस, एवढीच ओळख. पण रोज सकाळी तो चढण चढून यायचा, वाटीत तेल कोमट करायचा आणि पैलवानाचे पाय चोळत बसायचा.

पैलवानाची नजर मात्र दाराबाहेर.

"वाटेत कुणी भेटलं का रे? राजधानीकडून कुणी आलं?"

"नाही, पैलवान. येतील. लांबची वाट आहे."

मग पैलवान भिंतीकडे तोंड फिरवायचा. तेल्याचे हात थांबत नसत.

अशी दोन वर्षं गेली. एके सकाळी पैलवानाच्या पायाचा अंगठा हलला. तेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे काही महिन्यांत पैलवान काठी टेकत उभा राहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "आता मीच जातो त्याच्याकडे."

"जा, पण सावकाश जा. पाय गार पडू देऊ नका," तेली म्हणाला आणि बराच वेळ खोकत राहिला. पैलवान रस्त्याकडे पाहत होता.

आठ दिवस चालून तो राजधानीत पोचला. वाड्याच्या पायऱ्यांवर सोबती दिसला. अंगावर भरजरी शेला, भोवती चार मोठी माणसं. त्याने पैलवानाला पाहिलं, ओळखलं आणि नजर खाली केली.

"गावाकडचा कुणीतरी आहे," तो नोकराला म्हणाला. "त्याला जेवू घाला." आणि तो आत निघून गेला.

पैलवानाने पानाला हातही लावला नाही. परतीच्या वाटेवर तो एकच म्हणत राहिला, 'या जगात कुणी कुणाचं नाही.' पण गाव जवळ आलं तसं हे दुःख कुणाला तरी सांगावंसं त्याला वाटू लागलं, आणि डोळ्यांसमोर एकच माणूस आला. तो तसाच तेल्याच्या घराकडे वळला. तिथे तो कधीच गेला नव्हता. घर विचारत विचारत जावं लागलं.

उंबऱ्यात तेल्याची बायको बसली होती.

"उशीर केलात, दादा," ती म्हणाली. "परवाच गेले ते."

"गेला? कशाने?"

"छातीचं दुखणं. दोन वर्षं होतं. चढण चढू नका म्हणून वैद्यबुवांनी बजावलं होतं. मीही हात जोडले. ऐकलंच नाही. म्हणायचे, 'पैलवान दाराकडे डोळे लावून बसतात गं. दारात कुणीतरी दिसायला हवं.'"

पैलवान काठी बाजूला ठेवून उंबऱ्यापाशीच बसला. रोज येणारा तो माणूस कधी खोकला, कधी थकला, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं नावही त्याला ठाऊक नव्हतं आणि आता ते या बाईला विचारायला जीभ उचलत नव्हती.

पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, चांगला चालू-फिरू लागला. सोबत्यावरचा त्याचा राग केव्हाच ओसरला. स्वतःवरचा मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

जो आला नाही त्याच्या दुःखात, जो आला आहे त्याच्याकडे पाहायचं राहून जाऊ देऊ नका.