सभापतींच्या पाटीचा स्क्रू

सभापती बाजीराव ढमाले यांची एसयूव्ही उभ्या जागी मागून खाली बसू लागली. गाडी तोलून धरणाऱ्या एअर सस्पेन्शनची हवा गळत होती. चौकशीआधीच शिक्षा ठरली. “परवा सर्व्हिसिंग तूच केलंस, इलाही. पाइप तूच फोडलास! उद्या गॅरेजला टाळं,” ते गरजले.

इलाही मिस्त्रींनी साबणाचं पाणी आणि ब्रश त्यांच्याच हातात दिला. “तुम्हीच लावा, साहेब. बुडबुडे येतील तिथं भोक.”

मिस्त्रींच्या एकाही जोडावर बुडबुडा आला नाही. बंपरमागे मात्र फेस उसळला. साहेबांनी कालच बसवून घेतलेल्या, ‘सभापती’ लिहिलेल्या नव्याकोऱ्या पाटीचा लांब स्क्रू हवेच्या पाइपात घुसला होता.

“पाइप बदलतो, साहेब. पण गाडी उभी ठेवायची की पाटी, तेवढं सांगा.”

सभापतींनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. टाळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.