झिजलेलं लाटणं

ही गोष्ट माझ्याइतकी पक्की कुणालाच पाठ नाही. अक्षर न् अक्षर सांगतो. राज्याचं नाव तेवढं विसरलो. राजाचंही. आणि कातारी कुठल्या आळीतला, ते मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण लाटणं लख्ख आठवतंय. तेव्हा पोरांनो, आणि पोरांच्या मागे बसून झोपेचं सोंग घेतलेल्या मोठ्यांनो, ऐका.

फार मागे, तुमच्या पणज्यांच्या पणज्या पाळण्यात होत्या तेव्हा, एका राजधानीत एक कातारी राहायचा. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून गोल वस्तू करणारा. चरकाची दोरी त्याची बायको ओढायची, लाकूड गरगर फिरायचं, आणि हा त्याला पटाशी लावून बसायचा. रव्या, लाटणी, पाळण्याचे खूर, काय हवं ते सांगा. त्याच्या हातून वाकडं काही निघत नसे. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोरी मी ओढते," बायको म्हणायची.

"दोरी काय, बैलही ओढेल."

"मग बैलाशीच लग्न करायचं होतं."

एका सकाळी त्याच्या दारात राजाच्या मुदपाकखान्यातली म्हातारी आली. चाळीस वर्षं ती राजवाड्यातल्या पोळ्या लाटत होती. पदराखालून तिने आपलं लाटणं काढलं. त्याला उभी चीर गेली होती.

"असंच दुसरं करून दे, बाबा. अगदी असंच. सुगीची पंगत तीन दिवसांवर आलीय."

त्या पंगतीची एक रीत होती. पहिली पोळी राजाच्या डोळ्यांदेखत तव्यावर पडायची. ती टम्म फुगली की पानं वाढायची. नाही फुगली, तर पोळ्यांचं काम दुसरीच्या हाती जायचं. मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याची मेहुणी दोन वर्षं त्या कामावर डोळा ठेवून होती. म्हातारीला पोर ना बाळ. मुदपाकखान्यातला एक कोपरा एवढंच तिचं घर, आणि काम गेलं की कोपराही जाणार.

कातारीने लाटणं हातात फिरवलं. डावीकडे झिजून बारीक, उजवीकडे चांगलं जाड.

"आजी, हे लाटणं आहे की गाजर?"

"गाजर तर गाजर. पण मला असंच हवं."

म्हातारी गेली आणि कातारीने शिसवीचा तुकडा चरकावर चढवला. असलं वाकडं आपल्या दुकानातून गेलं तर लोक काय म्हणतील? त्याने मापाचं सूत लावून लावून असं लाटणं काढलं, की दोन्ही टोकं जुळ्या बहिणींसारखी. तेल चोपडलं, तर त्यात तोंड दिसायला लागलं. स्वतःचंच तोंड, म्हणून त्याने बराच वेळ बघितलं. मग जुनं लाटणं कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून चुलीत सारलं.

"अहो, नमुना होता तो!"

"नमुनाच होता. म्हणून तर जाळला."

दुसऱ्या दिवशी म्हातारी नवं लाटणं घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन परत आली. सोबत टोपलीत दहा पोळ्या.

"बघ. एक बाजू पापड, दुसरी बाजू भाकरी. दहांतली एकही फुगली नाही."

तिने उजवं मनगट पुढे केलं. तरुणपणी त्यावर तांब्याचा हंडा पडला होता. हाड तिरकंच सांधलं. "हा हात जोर धरत नाही. सगळा भार डाव्यावर. म्हणून लाटणं डावीकडे झिजत गेलं, आणि झिजता झिजता माझ्या हाताला बसलं. माझं जुनंच दे. चिरलेलं असू दे, सुतळी बांधीन."

"ते जळलं, आजी."

म्हातारी खालीच बसली.

खरं तर तेव्हाच त्याने चुकलो म्हणावं. पण त्याला ते जमायचं नाही. तो म्हणाला, "माझ्या लाटण्यात खोट नाही. सूत लावून बघ. खोट तुझ्या हातात आहे."

मग तो जेवला आणि आडवा झाला.

आता मी चहाडी करतो. तो घोरायला लागल्यावर कातारीण आणि म्हातारी यांची डोकी जवळ आली. कातारणीने नव्या लाटण्याचं टोक करवतीने कापलं. नवऱ्याच्या लाडक्या पटाशीची मूठ ठोकून काढली आणि तिच्या जागी ते टोक बसवलं. जुनी मूठ म्हातारीच्या कनवटीला गेली. आता म्हातारीपाशी जुनं लाटणंही नव्हतं आणि नवंही नव्हतं. हसत मात्र होती, आणि मजा बघायला दाराआड बसून राहिली.

कातारी उठला, चरकावर रवीचं लाकूड चढवलं, पटाशी लावली. पटाशी घसरली. लाकडाला खड्डा. दुसरं घेतलं, तेही गेलं. तिसऱ्याची तर ढलपीच उडाली आणि कपाळावर बसली. तेव्हा कुठे त्याने मूठ बघितली.

त्याची मूठ चिंचेची होती. बारा वर्षं अंगठा दाबून दाबून तिला एक खळगी पडली होती, आणि ती एका अंगाला जरा कललेली होती. तो रांगत सुटला. चरकाखाली बघितलं, भुशात हात घातला, कणगीमागे डोकं घातलं.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"माझी मूठ!"

"ती काय, पटाशीला आहे की नवी. सूत लावून बघा. अगदी सरळ आहे."

"सरळ आहे गं, पण माझ्या हाताची नाही!" तो ओरडला. आणि ओरडला तसाच गुडघ्यांवर थांबला.

त्याने नव्या मुठीवरून बोट फिरवलं. शिसव. त्याच्याच हातची.

चौथ्या दिवशी पहाटेच त्याने म्हातारीला घरी आणलं. पोळपाट मांडला, कणीक दिली. "आजी, लाट." तिच्या दोन्ही हातांखाली त्याने आपले हात ठेवले आणि कुठे किती भार पडतो ते जोखलं. म्हातारीने कनवटीची मूठ काढून त्याच्या पुढ्यात टाकली. त्याने खळगीत अंगठा टेकवून बघितला. पटाशीला ती बसवली आणि बायकोला म्हणाला, "ओढ गं. जरा दमानं."

सुताला त्याने हात लावला नाही. थोडं कातायचं, लाटायला लावायचं, पोळी तव्यावर टाकायची, पुन्हा थोडं कातायचं. चार पोळ्या चपट्याच राहिल्या. पाचवी फुगली.

दुपारी पंगतीत पहिली पोळी तव्यावर पडली. राजा वाकला. सगळी पंगत वाकली. पोळी टम्म फुगली. पाठोपाठ कारभाऱ्याचे गाल फुगले.

राजाने लाटणं उचलून उजेडात धरलं. "हे असं वाकडं कुणी केलं?"

"मी, महाराज," कातारी पुढे झाला. "वस्तू सरळ झाली की नाही, ते मागून बघावं. ज्याच्या हातात ती जायची, तो हात आधी बघावा."

पंगतीत वाहवा झाली. ती ऐकून कातारीच्या अंगात आलं. छाती काढून तो म्हणाला, "हे तर मला पहिल्यापासूनच ठाऊक होतं, महाराज!"

म्हातारीने मान वर न करता दुसरी पोळी उलटली.

"हो का रे बाबा? मग काल दुपारी कपाळाला टेंगूळ घेऊन कणगीमागे रांगत कोण होतं?"