सुकरीचा माग

फार वर्षांपूर्वी, कुंभेघळच्या रानात भर दुपारीही अंधारून यायचं, एवढी झाडी होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात सुकरी नावाची एक ठाकरीण राहायची. असं म्हणतात, ती संतापली की चुलीतला जाळ आपोआप वर चढायचा.

आणि संतापायला कारणही तसंच होतं. त्या रानाचा इनामदार हौसेखातर शिकारीला यायचा. गावातले पुरुष आरडाओरडा करत जनावरं त्याच्यापुढं हाकायचे. तो बार टाकायचा. जनावर जखमी होऊन पळालं, तर म्हणायचा, "जाऊ दे. दुसरं हाका."

एकदा सरपणाला गेलेल्या सुकरीला ओढ्यात एक भेकर दिसलं. पाय मोडलेला, जखमेत किडे, आणि डोळे अजून जिवंत. तिनं कोयत्यानं त्याला यातनांतून सोडवलं आणि तशीच रक्ताळल्या हातांनी गावात आली.

"पोटासाठी मारता, त्याला मी पाप म्हणत न्हाई," ती पुरुषांवर कडाडली. "पण अर्धं मारून जेवायला बसता?"

"सरकारांपुढं कोण बोलणार?" पुरुष म्हणाले आणि मातीकडं बघत राहिले.

मग सुकरीनं बायका गोळा केल्या. बाईची सावली पडली की शिकार बाटते, असं पुरुष म्हणाले. "बाटू दे!" ती म्हणाली. तिनं बायकांना भाला धरायला शिकवलं, रक्त वाचायला शिकवलं. फेसाळ रक्त छातीचं, काळपट रक्त पोटाचं. पोटात लागलेलं जनावर लगेच हुसकायचं नाही. त्याला बसू द्यायचं, मग कुत्रीला वास द्यायचा. पण माग कधी सोडायचा नाही. तिची भुंगी नावाची कुत्री होती. असं म्हणतात, पावसानं धुतलेलं रक्तही भुंगीला हुंगता यायचं.

पुढच्या शिकारीला इनामदारानं एका सांबरीच्या पोटात गोळी घातली आणि तो झाडाखाली जेवायला बसला. सुकरी भुंगीला घेऊन पुढ्यात उभी राहिली. मागं साऱ्या बायका.

"सांबरी कुठाय?"

"मेली असेल कुठंतरी," तो हसला. "तुला एवढी कळकळ, तर तूच शोध."

"शोधणारच. पण तूही येणार."

सरकारला अरे-तुरे! इनामदारानं भुंगीवर बंदूक रोखली. सुकरीनं एका हिसक्यानं नळी वर केली, गोळी आभाळात गेली. त्याचे शिपाई धावले, तर कालपर्यंत मातीकडं बघणारे गावचे पुरुष त्यांना आडवे आले. सुकरीनं कुत्रीच्या गळ्यातली चामड्याची वादी इनामदाराच्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "आता सोडून दाखव."

असं म्हणतात, ती मूठ उघडेचना. भुंगीनं त्याला कारवीतून, काट्यांतून, कड्यावरून ओढत नेलं, मागं भाला घेऊन सुकरी. वाळलेलं रक्त त्याच्या पावलापुढं पुन्हा ओलं होत गेलं. जोडे फाटले, पागोटं गेलं. दिवस कलताना एका कपारीत सांबरी दिसली. तिची धाप सगळ्या रानाला ऐकू येत होती.

"मार तिला लवकर," इनामदार रडकुंडीला आला. "बघवत नाही मला."

"तुला बघवत न्हाई? आणि ती सोसतेय ते?"

सुकरीनं त्याचा मोकळा हात सांबरीच्या मानेवर दाबून धरला आणि भाला चालवला. शेवटचा धक्का त्याच्या तळहाताला बसला, तेव्हाच दुसरी मूठ सुटली. इनामदार पुन्हा त्या रानात आला नाही.

म्हातारपणी बायका सुकरीला म्हणाल्या, "आता तरी राग सोड, बाई."

ती म्हणाली, "राग सोडला की माग सुटतो."

आता शिकारीला बंदी आहे, रानही विरळ झालंय. पण आजही घाटात एखाद्या गाडीनं जनावर उडवलं आणि ते जखमी होऊन पळालं, तर कुंभेघळच्या बायका कुत्री घेऊन निघतात. गाडीवाला कितीही मोठा साहेब असो, त्याला खाली उतरवून पुढं चालवतात. जनावर सापडेपर्यंत गावात चूल पेटत नाही. पोरं भुकेनं रडतात, तेव्हा आया त्यांना सांगतात, "रडा. तिकडं त्या जनावराला जास्त दुखतंय."