वाटी बुडेस्तोवर

ऐका, वेटोळीमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, पाठ भिंतीला टेकू नका, आणि चुलीवर काय ठेवून आलात ते घटकाभर विसरा.

आटपाट नगर होतं. नगराच्या मधोमध घटिकाघर होतं. तिथं पाण्यानं भरलेलं घंगाळ होतं, घंगाळात तांब्याची वाटी तरंगे. वाटीच्या बुडाला बारीक भोक होतं. भोकातून पाणी चढे, वाटी भरे, वाटी बुडे, की एक घटका झाली. मग सिदोबा घटकेकऱ्यानं माळ्यावर जावं, घणघण टोला द्यावा. त्या टोल्यावर देवाची पूजा, त्या टोल्यावर लग्नाचा मुहूर्त, त्या टोल्यावर पाटाच्या पाण्याची पाळी. सगळं नगर त्या वाटीवर चाले.

सिदोबाची बायको आवडाई. हाताची चपळ, मनाची चांगली, पण जिवाची भारी उतावळी. एके दिवशी काय झालं? सिदोबा माळ्याच्या जिन्यावरून पडला, कंबरेखाली लुळा झाला. वैद्य झाले, लेप झाले, नवस झाले. पाय काही हलेना. आवडाई त्याला न्हाऊ घाली, भरवी, कूस वळवी, आणि टोला द्यायला आपण धावे. तेवढ्यात राजाचा निरोप आला, "दसऱ्याला सिदोबा आपल्या पायांनी माळा चढला तर घटिकाघरी त्यानंच राहावं. नाहीतर दुसरा घटकेकरी येईल." असा माणूस घेऊन जायचं कुठं?

मग एक म्हातारी जोगीण दारी आली. केस पांढरेशुभ्र, पण कणा ताठ. म्हणाली, "बाई, डोळे का गं पुसतेस?"

"काय सांगू आजी, आमचे हे निजले ते उठेनात. काही वसा असेल तर सांगा."

"वसा आहे, पण तुला कशाला? तू उतावळी. घेशील, घाई करशील, मोडशील."

"घाई करणार नाही, मोडणार नाही, घेतला वसा सोडणार नाही."

मग जोगिणीनं वसा सांगितला. "माणसाच्या कण्याच्या तळाशी वेटोळीमाय निजलेली असते, नागिणीसारखी, अंगाचे वेढे घालून. तिला हाक मारावी, ढोसू नये. पहाटे उठावं, न्हावं, आसन घालावं, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा, डोळे मिटावेत. वाटी पाण्यात सोडावी. श्वास घेताना 'सो' म्हणावं, सोडताना 'हं' म्हणावं. त्यानंही तसंच म्हणावं. वाटी बुडायच्या आधी डोळा उघडू नये, बुडाल्यावर हावरेपणानं बसू नये. रोज तीच वेळ, तीच जागा, तेवढंच. असे एकेचाळीस दिवस केले की मंडल पुरं होतं. मधे मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून धरावं." एवढं बोलून जोगीण गेली.

आवडाईनं वसा धरला. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात काही नाही. तिसऱ्या आठवड्यात पाठ हाताला कोमट लागली. सिदोबा म्हणाला, "आवडे, अंगठ्याला मुंगी चावल्यागत झालं गं." आवडाईचा आनंद मावेना. मग तिनं बोटांवर दिवस मोजले, आणि तिचा चेहरा उतरला. दसरा आधी येत होता, मंडल मागून पुरं होत होतं.

आता बायांनो, तिनं काय केलं? मनाशी म्हणाली, रोज एक वाटी बसते ती तीन बसेन. तीन दिवसांचं काम एका दिवसात होईल. पण उजाडायच्या आत तीन वाट्या बुडेनात. मग तिनं दाभण घेतलं, वाटीचं भोक केसभर मोठं केलं. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. तिसऱ्या दिवशी आणखी केसभर. म्हणाली, मायेला वाट्या मोजायच्या, तिला भोक कुठं दिसतंय! हसू नका. आपणही जपाची माळ ओढताना दोन मणी एकदम सारतोच.

पण वाटी काय तिच्या एकटीची होती? टोले लवकर पडू लागले. सूर्य माथ्यावर यायच्या आधी दुपारचा टोला पडला. लोक म्हणाले, दिवस लहान झाले असतील. पाटाच्या पाळ्या तुटू लागल्या. गावाबाहेर साळूबाई माळणीचा पानमळा होता. नवरा वारलेला, पोटाला तेवढाच मळा. तिच्या वाट्याचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेना. वेल माना टाकू लागले. साळूबाई घटिकाघरी आली, म्हणाली, "आवडाबाई, माझी पाळी लवकर संपते गं. वाटीचं काही बिघडलं का?" आवडाईनं खाली बघितलं. म्हणाली, "वाटीचं काय बिघडायचंय?" साळूबाई गेली. आवडाईला घास गोड लागेना. पण दसरा जवळ आला होता.

आणि दुसऱ्याच पहाटे सिदोबाच्या पाठीत आग पेटली. तो धनुष्यासारखा ताठला, ओरडला, "आवडे, हात काढ! विंचू चढतोय, मानेपर्यंत आला!" तिनं हात काढला, पण आग उतरेना. डोळ्याला डोळा लागेना. तोंडात पाणी घातलं तर ओठांवरून ओघळे. तीन दिवस असं झालं. त्याचे डोळे खोल गेले, ओळख पुसट झाली. बायकोलाच विचारी, "बाई, तुम्ही कोण?" आवडाई घंगाळापाशी कोसळली, कपाळ आपटू लागली. "माये, मी कुठं चुकले? तिप्पट तर केलं!"

घंगाळातलं पाणी हाललं. आतून वाणी आली, "निजलेल्या पोराच्या कानाशी थाळा वाजवलास तर ते हसेल की किंचाळेल? मी उठत होते. मला ढोसलंस का?"

"चुकले, माये. आता काय करू?"

"भोक बुजव. पहिल्यापासून धर. आणि जिची घटका खाल्लीस तिला तोंडानं सांग."

"सांगितलं तर घर जाईल."

"जाईल," वाणी म्हणाली, आणि पाणी स्थिर झालं.

आवडाई रात्रभर नवऱ्याच्या उशाशी बसली. एकदा वाटे, गप्प राहावं, गुपचूप भोक बुजवावं, कुणाला कळतंय. एकदा वाटे, हे बरे होतील, पण साळूबाईच्या दारावरून मी जाऊ कशी? उजाडल्यावर वाटी घेऊन ती उठली, थेट पानमळ्यात गेली. अर्धा मळा करपला होता. तिनं वाटी पुढं केली, भोक दाखवलं, सगळं सांगितलं.

साळूबाईनं वाटी हातात घेतली, भोक बोटानं चाचपलं. मग म्हणाली, "मी रोज देवाला शिव्या घालत होते गं. म्हटलं, नवरा नेलास, आता मळाही ने. आणि ते तू केलंस होय?" आवडाईला वर बघवेना.

गोष्ट राजापर्यंत गेली. राजा तापला. म्हणाला, "दसऱ्याची वाट कशाला? आजच घर सोडा." तांबटानं भोक बुजवून वाटी नीट केली, नवा घटकेकरी आला. आवडाईनं नवऱ्याला फळीवर निजवलं, शेजाऱ्यांनी फळी वेशीबाहेर नेऊन ठेवली, आणि सगळे आपापल्या घरी गेले. ऊन चढलं. तिथं साळूबाई आली. म्हणाली, "माझा गोठा आहे. पण फुकट नाही. आता पाटावर मी वेगळी वाटी ठेवणार. माझ्या पाळीला तिच्यापाशी तू बसायचंस, आणि वाटी बुडेस्तोवर हलायचं नाही." आवडाईनं तिचे पाय धरले. साळूबाईनं पाय मागं घेतले. राग होता तो राहिला, पण जागा दिली.

मग आवडाईनं नारळाची करवंटी घासली, बारीक भोक पाडलं, पाटावरच्या वाटीशी ताडून पाहिलं, आणि वसा पहिल्यापासून धरला. सो, हं. सो, हं. आग उतरली. ओळख परतली. पाय मात्र तसेच. दसरा आला. नव्या घटकेकऱ्याचा टोला गोठ्यात ऐकू आला. सिदोबानं भिंतीकडे तोंड केलं. आवडाईनं काही केल्या वाट्या वाढवल्या नाहीत.

शेवटची पहाट उजाडायला आली. करवंटी पाण्यात सोडली, पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले. सो, हं. अर्ध्या घटकेला हाताखालची पाठ सरकली. हात रिकामा राहिला. आवडाईचा श्वास अडखळला. पडले का? गेले का? अंधारात काहीतरी धाडकन् आदळलं. गाय फुरफुरली. "आवडे," अशी हाक आली, आणि पुढं शब्द नाही. तिच्या पापण्या फडफडल्या, मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एक डोळा उघडला तर काय बिघडेल? माये, माझा माणूस आहे गं तो! सो, तिनं श्वास घेतला. हं, तिनं श्वास सोडला. करवंटी काही बुडेना. पुन्हा सो, पुन्हा हं. आणि मग पाण्यात डुबुक झालं.

तिनं डोळे उघडले. शेणाचं घमेलं उपडं पडलं होतं. गोठ्याच्या खांबाला धरून सिदोबा उभा होता. पाय लटलट कापत होते, अंगावरून घाम वाहत होता.

"अहो!" ती किंचाळली. "केव्हाचे उभे आहात? पुन्हा हाक नाही मारायची?"

"मारणार होतो," सिदोबा म्हणाला. "पण वाटी बुडायची होती ना. म्हणून उभाच राहिलो."

आवडाईनं धावत जाऊन त्याला धरलं, आणि पोटभर रडली.

राजानं घटिकाघर परत दिलं का? नाही दिलं. दोघं गोठ्यातच राहिली, पाटाची पाळी राखू लागली. कुणाची घटका कमी नाही, कुणाची जास्त नाही. पुढच्या साली साळूबाईचा मळा भरून आला. तिनं पहिल्या पानांचा विडा आवडाईच्या हातावर ठेवला.

जशी वेटोळीमाय सिदोबाच्या पाठीत सावकाश उठली, तशी तुमच्याआमच्या घरी उठो. धरलेलं पुरं होईपर्यंत बसायचं बळ देवो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी, ज्या घटकेला व्हायची त्याच घटकेला सुफळ संपूर्ण होवो.