काळीचं गोंदण

यंत्रं आपसांत बोलायची त्या काळातली गोष्ट. एका साखर कारखान्यात भिंतीवर उंच बसवलेल्या लांबलचक लोखंडी ट्रेमध्ये पाच-सहा राखीव केबली शेजारणींसारख्या नांदत होत्या.

खंडेनवमीच्या पूजेसाठी रंगारी आला आणि ट्रेसकट सगळ्यांना चंदेरी रंग फासू लागला. काळी केबल तेवढी अंग चोरून कडेला सरकली. ती किती व्होल्ट पेलते, आगीत कशी टिकते, हे तिच्या पाठीवर छापलेलं होतं.

"अगं, सणासुदीला तरी नटावं!" शेजारणी हसल्या.

"हे माझं गोंदण आहे. ते झाकून मला नाही नटायचं," काळी ठसक्यात म्हणाली.

पुढे ऐन हंगामात उसाच्या चिपाडांनी पेट घेतला. आग विझवणाऱ्या पंपाची जुनी केबल जळाली. वायरमन हैबती ट्रेवर चढला. "यातली आगीत टिकणारी कोणती?" सगळ्याच चंदेरी, सगळ्याच सारख्या! एवढ्यात त्याला काळीची पाठ दिसली.

"हीच!" म्हणत त्यानं तिला पंपाला जोडलं. ज्वाळा अंगाला चाटत होत्या, पण काळीनं पंप थांबू दिला नाही.

आग विझली. काजळीनं माखलेली काळी मान ताठ करून बसली होती. ट्रेमध्ये चंदेरी शेजारणी एकमेकींना हळूच विचारत होत्या, "बाई गं, माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं, तुला आठवतंय का?"